कप्पे म्हणे, सुरक्षेसाठी

…आणि वर तोंड करून मलाच सांगतो, "आई, तुझा फोन मी पाहुण्यांच्या कप्प्यात टाकलाय." पाहुण्यांच्या! ऐकलंत? ज्या घरात लग्न होऊन आले, ज्या घराची फरशी पुसून पुसून माझ्या हातावरच्या रेषा गेल्या, जिन्याची कुठली पायरी करकरते ते मी डोळे मिटून सांगेन, त्या घरात मी पाहुणी! आणि कपाटावर तो हिरवे दिवे लुकलुकवणारा डबा आणून ठेवलाय, ज्याचं खोकं अजून माळ्यावर टाकलेलं नाही, तो ठरवणार कोण घरचं आणि कोण बाहेरचं. बसा हो, बसा तुम्ही. तुमचे कपडे अजून ड्रायरमध्ये गरगर फिरतायत. तोवर त्या बाकावर बसून भिंतीकडेच बघणार ना? त्यापेक्षा माझं ऐका.

तर काय सांगत होते… हां, कप्पे. कप्पे म्हणे, सुरक्षेसाठी!

आमचे चिरंजीव नेटवर्कमध्ये आहेत. म्हणजे नक्की कशात आहेत ते मला विचारू नका, मी चौथी पास, तीही मास्तरांनी पुढे ढकलली म्हणून. दुकानाच्या वर मधल्या खोलीत दार लावून बसतो, लांबच्या कुठल्याशा कंपनीचं काम करतो, आणि घरात कुणाचं काही अडलं की "बंद करून चालू कर" एवढंच सांगतो. ह्यासाठी एवढा शिकवला? बंद करून चालू तर मी माझं धुण्याचं मशीनही करते. पण असो, पोरगं कष्टाळू आहे. बापावर गेलं नाही.

बाप! सगळं सुरू झालं ते त्या बापापासूनच. आमचे हे. रिटायर झाल्यापासून ह्यांना मागच्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर लावून दिलाय, आणि त्यावर हे बक्षिसं जिंकतात. दुसरं काही करत नाहीत, नुसते जिंकतात. अगं, घड्याळ लागलं. अगं, ह्या वेळी सहल आहे, दोघांची, समुद्रातून. आयुष्यात साधी रांगेतली जागा ज्या माणसाला वेळेवर मिळाली नाही तो रोज उठून कसा काय जिंकतो, हा प्रश्न ह्यांना पडत नाही. तर ह्यांनी त्या घड्याळावर बोट ठेवलं, बटण दाबलं, आणि घड्याळ राहिलं बाजूला, आला तो व्हायरस. आणि तो काय ह्यांच्यासारखा एका खुर्चीत बसून राहणारा आहे? मागच्या खोलीतून निघाला तो वाय-फायवरून तडक खाली, माझ्या दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये. कुणाचा कोट, कुणाच्या चादरी, कोण कधी नेणार, सगळं साफ. एका दंतवैद्याला मी त्या गडबडीत कुणाचा तरी झालरीचा पलंगपोस बांधून दिला, आणि तोही नेला त्याने मुकाट्याने, अजून परत आणलेला नाही. आवडला असेल. आणि मग हा पाहुणा, खरा पाहुणा हा, गेला मधल्या खोलीत, पोराच्या कंपनीच्या लॅपटॉपचं दार वाजवायला. तिथे पकडला गेला. पण पकडला तरी बोभाटा झालाच की. कंपनीच्या साहेबाचा फोन आला. घरातलं नेटवर्क नीट वेगळं करा, नाहीतर इथे येऊन ऑफिसात बसा. इथे म्हणजे कुठे, तर जिथे विमानाने जावं लागतं तिथे. पोराचा चेहरा उतरला, सूनबाईंचा त्याहून उतरला, आणि हे काय म्हणाले? हे म्हणाले, म्हणजे घड्याळ येणारच नाही का?

मग चिरंजीवांनी तो डबा आणला. आणि मला समोर बसवून समजावायला लागला, अगदी पहिलीतल्या पोराला समजावावं तसं. आई, आत्ता आपल्या घरात सगळं एकाच मोठ्या हॉलमध्ये आहे, मध्ये भिंती नाहीत. चोर एकदा आत शिरला की कुठेही फिरतो. म्हणून आत खोल्या करायच्या, दरेक खोलीला कडी. एका खोलीत चोर आला तर तो तिथेच अडकतो. शिवाय गर्दी कमी होते, बाबांचा सिनेमा माझ्या मीटिंगच्या अंगावर पडत नाही, सगळं भराभर चालतं.

मी म्हटलं, चोराला दार उघडून देणारा माणूस आपल्या घरात कोण आहे ते तुलाही माहीत आहे, मलाही माहीत आहे. त्या एकाला कड्या घाल की, बाकीच्यांना कशाला कोंडतोस?

तर म्हणतो कसा, "आई, तू पांढरे कपडे आणि रंगीत कपडे वेगळे धुतेस ना? तसंच आहे हे."

अरे वा. आता मला कपडे शिकवणार. वेगळे धुते बाबा, कबूल आहे. पण वाळत एकाच दोरीवर घालते, घड्या एकाच टेबलावर करते, आणि पांढरा सदरा आणि लाल टॉवेल एकाच गठ्ठ्यात बांधून एकाच घरी पाठवते, कारण ते एकाच घरचे आहेत! पण एवढं ऐकून थांबतील ते शिकलेले कसले. कप्पे म्हणे, सुरक्षेसाठी!

कप्पे किती, तर ऐका. एक त्याच्या आणि सूनबाईंच्या ऑफिसच्या कामाचा. एक दुकानाचा. एक ह्यांच्या त्या बक्षिसवाल्या कॉम्प्युटरचा, एकांतवासाचा. एक वस्तूंचा, म्हणजे घरातल्या ज्या ज्या वस्तूंना हल्ली उगाच इंटरनेट लागतं त्यांचा. आणि एक पाहुण्यांचा. माझा फोन पाहुण्यांत का, तर म्हणे मी सकाळी आलेलं प्रत्येक फुलाचं चित्र उघडून बघते. मग काय न उघडता परत पाठवू? माणसं प्रेमाने फुलं पाठवतात.

बरं, आता खरी गोम ऐका. नुसते कप्पे करून भागत नाही. कुठल्या कप्प्याने कुठल्याशी बोलायचं, ते आधी ठरवावं लागतं. ज्याला ज्याची गरज तेवढीच वाट उघडी, बाकी सगळ्या बंद. म्हणून हा पोरगा घरभर विचारत फिरला, तुम्हाला काय काय लागतं? ह्यांना विचारलं, हे म्हणाले टीव्ही. संपलं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माणसाला लागतं काय, तर टीव्ही. सूनबाईंना विचारलं. सूनबाई गुणी आहे, पण तिच्या कानात सदा ती इयरफोनची बोंडं असतात, त्यातलं एक काढलं, माझं काम सोडून मला काही नको म्हणाली, आणि बोंडं परत आत. आणि मग तो खाली आला मला विचारायला, आणि आला तो नेमका कुठल्या घटकेला आला…

थांबा, त्याआधी सासूबाई सांगायला हव्यात. सासूबाई सांगितल्याशिवाय ह्या घरातलं काहीच सांगता येत नाही.

ही लाँड्री सासूबाईंनी काढलेली. ह्या टेबलावर पहिली इस्त्री त्यांनी फिरवली, कोळशाची, आणि मला इस्त्री धरायला शिकवली ती त्यांनीच, म्हणजे शिकवली म्हणायचं, प्रत्यक्षात मी चुकले की सदरा पाण्यात बुडवून परत हातात द्यायच्या, एक शब्द न बोलता. हट्टी किती, तर ह्या वयात स्टुलावर चढून कपाटावरची धूळ पुसायला गेल्या आणि खुब्याचं हाड मोडून घेतलं. आता वरच्या टोकाच्या खोलीत असतात. आधार दिला तर चार पावलं चालतात, एकट्या नाही. खाली मशीन, ड्रायर, वाफेची इस्त्री एवढा आवाज की माणूस ओरडून मेला तरी ऐकू यायचं नाही, म्हणून पोरानेच त्यांच्या उशाशी एक सुटं बटण ठेवलं होतं. दाबलं की माझा फोन वाजतो, आणि नुसता वाजत नाही, त्यांचा आवाजही त्यातून येतो. घरातल्या वाय-फायवर चालतं ते. चांगलं होतं हो, खोटं कशाला बोलू. पाणी हवं, बटण. पाठ दुखते, बटण. समोरच्या बाईने नवीन पडदे लावले ते बघितलेस का, बटण.

आणि माझ्या धाकट्या नणंदबाई. त्या जवळच राहतात, उंच इमारतीत, लिफ्टवाल्या. सासूबाई पडल्या तेव्हाच त्या न्यायला आल्या होत्या, त्यांच्याकडे बाई ठेवता येते, सगळं पांढरंशुभ्र आहे, वगैरे. मीच म्हटलं, त्या इथेच राहतील. तेव्हा नणंदबाई त्यांच्या त्या मऊमऊ आवाजात म्हणाल्या होत्या, "ठीक आहे वहिनी. पण आईची एक जरी तक्रार माझ्या कानावर आली ना, तर मी विचारणार नाही, घेऊन जाईन." असा मऊ आवाज, की कापसात सुई घालून टोचावं.

आता मला विचाराल, बाई, न्यायला आल्या होत्या तर द्यायच्या की. सुटला असता जीव! सगळे हेच म्हणतात. मी उत्तर देत नाही. मलाच माहीत नाही तर तुम्हाला काय देऊ.

तर तो पोरगा खाली आला तेव्हा काय चाललं होतं? समोर वकील उभे. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची कॉलर मी त्यांना दाखवत होते, बघा कशी बसलीय. तेवढ्यात फोन वाजला, वकील येताना खिडकीतून दिसले असणार, आणि त्यातून सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा सासूबाईंचा आवाज: "वकिलांचा सदरा असेल तर कॉलर परत कर. तुला कॉलर कधी जमली नाही." वकिलांनी कॉलर जवळ घेऊन बघितली, चष्मा वर करून बघितली. आणि परत कर म्हणाले! अहो, त्यांना त्या क्षणापर्यंत काही दिसत नव्हतं. माझ्या अंगाची नुसती लाही लाही. आणि त्याच वेळी हे चिरंजीव मागून येऊन विचारतायत, आई, तुझ्या फोनला आजीच्या बटणाची गरज आहे ना?

काय बोलेल माणूस? मी म्हटलं, "काही गरज नाही! मला त्यांचं एक अक्षर ऐकायचं नाही!"

आता मला सांगा, ह्यावर शहाणा माणूस काय करेल? हो हो म्हणेल, पाणी आणून देईल, दोन तासांनी परत विचारेल. बरोबर की नाही? अहो, घरातल्या बाईच्या रागातल्या वाक्याला कुणी खरं धरतं का? ह्यांनी तर आयुष्यात एकदाही धरलं नाही. पण हा पडला नेटवर्कवाला. हा "बरं" म्हणाला, वर गेला, आणि बंद करून टाकलं. मला न सांगता. आणि कसलं बंद, तर खरंखुरं बंद. आमच्या घरात इतक्या वर्षांत "तुझं तोंड बघणार नाही" किती वेळा झालं असेल, पण संध्याकाळी ताटं एकत्रच वाढली गेली. ह्याने मात्र कडी घातली. कप्पे म्हणे, सुरक्षेसाठी!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा वर नेऊन दिला. बोलले नाही. त्याही बोलल्या नाहीत. कप ठेवला, खाली आले, मशीन लावलं. आणि काय सांगू, बटण वाजलंच नाही. मी चादरी काढल्या, तरी नाही. मी वकिलांचा सदरा परत केला, तरी नाही. मनात म्हटलं, अच्छा, कालच्या बोलण्याची लाज वाटतेय, म्हणून गप्प आहेत. बरं वाटलं हो. मग म्हटलं, नाही, लाज कसली वाटतेय, रुसल्या असतील. रुसल्या तर रुसू देत, मी काय जाणार नाही वर, दरवेळी मीच का जायचं? आणि मग त्या शांततेचा असा काही राग यायला लागला की इस्त्री आपटून आपटून करत होते. दोनदा फोन उचलून बघितला, चालू आहे ना. चालू होता. फुलं येत होती.

आणि वर काय चाललं होतं? वर त्या बटण दाबत होत्या. त्यांना बाथरूमला जायचं होतं. दाबलं, वाट बघितली. परत दाबलं. त्यांना वाटलं, सून कालच्या रागात आहे, मुद्दाम येत नाही. मधल्या खोलीत पोरगा मीटिंगमध्ये, दार बंद. शेजारच्या खोलीत सूनबाई, बोंडं कानात. मागच्या खोलीत हे, टीव्ही. एवढं माणसांनी भरलेलं घर, आणि एकाही माणसाला हाक ऐकू जात नाही. मग त्या हट्टी बाईने काय केलं, पलंगाला धरून, खुर्चीला धरून, स्वतःच निघाल्या. बाथरूमपर्यंत गेल्या, मानलं पाहिजे. येताना मात्र पाय थरथरायला लागला, तेव्हा खिडकीजवळच्या स्टुलावर टेकल्या, आणि तिथून ना पुढे ना मागे. खिशात साधा मोबाईल होता. आता तुम्ही म्हणाल, मग सुनेला फोन का नाही लावला? लावतील? सुनेला? घरातल्या घरात? ती बटण ऐकून येत नाही आणि मी तिला फोन करून बोलावू, मी काय तिचं गिऱ्हाईक आहे? हे त्यांचेच शब्द, मागाहून कळलेले. फोन त्यांनी लावला लेकीला.

मी खाली घड्या घालतेय, तर नणंदबाई दारात. हातात मोठी बॅग, रिकामी. रिकामी बॅग कशी हलकी हलते हातात, ते बघूनच मी काय ते समजले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ह्या काउंटरच्या फळीखालून वाकून तडक जिन्याकडे. मी हातातली घडी तशीच टाकून मागे. वर जाऊन बघते तर सासूबाई स्टुलावर, एका हाताने खिडकीचा गज धरलेला, बोटं पांढरी पडलेली, आणि मान मात्र ताठ. मला बघून त्यांनी तोंड फिरवलं.

नणंदबाईंनी कपाट उघडलं आणि एकेक कपडा बॅगेत ठेवायला सुरुवात केली. मी म्हटलं, अहो, बटण वाजलंच नाही. तर मऊ आवाज आला, "वहिनी, आई सकाळपासून दाबतेय." मी फोन पुढे केला. नणंदबाईंनी उशाजवळचं बटण उचलून दिलं, सासूबाईंनी दाबलं. फोन माझ्या हातात, बटण त्यांच्या हातात, मध्ये हातभर अंतर. आणि काही नाही. ढिम्म!

मग मी चिरंजीवांना बोलावलं. बोलावलं म्हणजे कसं ते सोडा, पण दार वाजवल्याचा आवाज त्याच्या साहेबाने विमानाच्या अंतरावरून ऐकला. तो आला, त्याने बघितलं, आणि सगळ्यांसमोर, आत्यासमोर, आजीसमोर, काय बोलावं?

"पण आई, तूच म्हणालीस ना, आजीचं एक अक्षर ऐकायचं नाही म्हणून."

नणंदबाईंचा हात बॅगेवर थांबला. मी तर जमीन दुभंगायची वाट बघत उभी. हे दाराशी आले होते, त्यांनी आतला रंग बघितला, टीव्ही बंद करून येतो म्हणाले, आणि गेले ते गेलेच. असा नवरा. आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात तो पोरगा दुसरं वाक्य बोलला. शिकलेला आहे ना, हिशेब पूर्ण करायलाच हवा.

"आणि आजी, तूही तेच म्हणालीस. मी तुलाही विचारलं होतं, तुला कोण लागतं. तू म्हणालीस, मला कोणी लागत नाही."

आता ऐका! म्हणजे मी इकडून कडी घातली, त्यांनी तिकडून घातली, आणि मग दोघी दाराच्या दोन बाजूंना बसून एकमेकींना शिव्या घालतोय की ही उघडत का नाही!

सासूबाईंनी हातातलं बटण उलटंसुलटं करून बघितलं. मग म्हणाल्या, "मग माझ्या कप्प्यात कोण आहे आत्ता?"

पोरगा चाचरला. वस्तूंचा कप्पा आहे म्हणाला. तू… म्हणजे तुझं बटण, जिन्यातला दिवा, आणि फ्रिज.

"फ्रिज," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे सकाळपासून मी हाका मारतेय त्या फ्रिजला?"

तो हो म्हणाला. हो म्हणाला हो! खोटं बोलायचं एवढंसं वळण नाही पोराला, तेही बापावर गेलेलं नाही.

हसू फुटलं नाही कोणाला, कारण बॅग भरत होती. नणंदबाई मऊपणे म्हणाल्या, आई, हे असंच चालणार इथे, चल तू. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काय चुकलं? म्हातारं माणूस स्टुलावर अडकलेलं. मी त्यांच्या जागी असते तर बॅग नसती आणली, माणसं आणली असती. म्हणून मला भांडताही येईना. आणि मला भांडता आलं नाही की मला काय करावं तेच कळत नाही. मी आपली उशी उचलली, ती बॅगेवर ठेवली आणि म्हटलं, नेताय तर न्या. पण ह्या अभ्र्याला आधी उलटा आणि मग सुलटा इस्त्री लागते, नाहीतर शिवणीची दुमड त्यांच्या गालाला टोचते आणि झोप लागत नाही. आणि रात्रीचं पाणी कोमट लागतं, थंड दिलं तर पितात, सांगत नाहीत, पण मग खोकतात.

नणंदबाई म्हणाल्या, आमच्याकडे इस्त्री बाहेर देतो.

सासूबाईंची मान वळली. बाहेर म्हणजे कुठे?

तर म्हणे ॲपवाले येतात, पिशवीतून नेतात, पिशवीतून आणतात. कोण करतं? माहीत नाही. कुठे करतात? माहीत नाही. बस्स, मोबाईलवर बोट दाबलं की झालं. सासूबाईंनी लेकीच्या अंगावरच्या सदऱ्याची कॉलर दोन बोटांत धरली, उजेडाकडे वळवून बघितली. मी त्यांचं ते बघणं ओळखते. त्या बघण्याने मी इतकी वर्षं रडलेय.

"बॅग रिकामी कर," म्हणाल्या. "हिची कॉलर वाईट असते. पण किती वाईट असते ते मला माहीत आहे."

नणंदबाईंनी दोन-तीनदा समजावलं, आई असं नको, आई ऐक. त्या बाई कोणाचं ऐकतात? हाड मोडलं तेव्हा डॉक्टरांचं नाही ऐकलं. मग नातवाकडे वळून म्हणाल्या, मला हिच्या कप्प्यात टाक.

आणि काय सांगू तुम्हाला, एवढं सगळं होऊनही तो पोरगा म्हणतो, आजी, तसं करणं सुरक्षित नाही! आईच्या फोनवर काहीही येतं, ती काहीही उघडते, आणि तुझं बटण हलक्या कंपनीचं आहे, त्याला काही कुलूपच नाही. दोन कच्च्या गोष्टी एकत्र ठेवायच्या नसतात, हा पहिला नियम.

"टाक म्हटलं ना."

टाकलं. आता आमचा दोघींचा एक वेगळा कप्पा आहे, घरातला सगळ्यात कमी भरवशाचा. त्याला बाहेरून पाच कड्या, आत एकही नाही. नणंदबाई चहा घेऊन गेल्या. जाताना बॅग तशीच हलकी हातात, आणि मला म्हणाल्या, वहिनी, तो सदरा… माझे दोन सदरे पाठवून देऊ का तुमच्याकडे? मी हो म्हटलं. मऊपणे म्हटलं. मलाही येतं.

आणि झालं काय? आता बटण वाजतं ते वाजतंच. वर पोराला काय अवदसा आठवली, त्याने आजीला टीव्हीसारखा एक छोटा पडदा लावून दिलाय, त्यात कॅमेऱ्यातून हे दुकान दिसतं. त्या वरून बघतात! ही इथे बसलेली दिसतेय ना मी, हे सगळं त्यांना दिसतंय. मगाशी तुमचा कोट आत टाकला तेव्हा फोन वाजला होता ना? खिसे तपासलेस का, म्हणून. तपासले होते. तरी परत तपासले.

आणि परवा ह्यांनी पुन्हा जिंकलं. ह्या वेळी सायकल. बटण दाबलं, व्हायरस आला, आणि ह्यांचा तो एकांतवासाचा कप्पा तेवढा बसला, बाकी घर जसंच्या तसं चालू. दुकानाचं एक अक्षर पुसलं गेलं नाही. पोराचा साहेब खूश, आता विमान नको म्हणाला. चिरंजीव माझ्यासमोर येऊन नुसते उभे राहिले, छाती एवढी काढून. मी म्हटलं, हो रे बाबा, झालास शहाणा. हे नाही म्हटलं की कप्पे चांगले आहेत. ते मी मेले तरी म्हणणार नाही. कप्पे म्हणे!

तर तेवढ्यावर थांबेल तर तो माझा मुलगा कसला. जाता जाता म्हणाला, आई, एक लक्षात ठेव, तुमच्या कप्प्यात काही शिरलं ना, तर मध्ये अडवायला काही नाही. तू आणि आजी, दोघी एकदमच जाल.

जाऊ की. त्यात काय वाईट आहे? एक मागे राहिली तर तिने भांडायचं कोणाशी? सूनबाईशी? तिच्या तर कानात बोंडं असतात.